चरातली हिरवाई

हॅमचं गरम भांडं पोटाशी धरून डेलमार ट्वेट चर्चच्या तळघराच्या पायऱ्या उतरला आणि शेवटच्या पायरीवर खिळून उभा राहिला. गुडघ्यांमुळे नाही, ते तर पहिल्या पायरीपासूनच कुरकुरत होते. टेबलांमुळे.

सतरा टेबलं. प्रत्येकावर पांढरा कागद, कागदावर लोणच्याची काचेची बरणी, बरणीला नारिंगी फीत, आणि बरणीत हातभर उंचीची हिरवीगार डहाळी. लांब, दातेरी, बोटं पसरल्यासारखी पानं. एका देठाला पाच, एकाला सात.

"कशी वाटतेय सजावट?" शिडीवरून अर्डिसनं विचारलं. त्याची बायको भिंतीवर फलक ठोकत होती. फलकावर तिसरीच्या वर्गाला शिकवतानाच्या तिच्या वळणदार अक्षरात लिहिलं होतं : 'आपल्या राज्यात गांजा नको. नोव्हेंबरात नाही म्हणा.'

"हे... हे कुठून आणलंस?"

"हॅन्सनच्या शेताकडेच्या चरातून. बघ ना, पाऊस नाही पाणी नाही, तरी कसं फोफावलंय! देवाची करणी."

देवाचा यात फारसा हात नव्हता. युद्धाच्या काळात दोरखंडांसाठी सरकारनं आसपासच्या शेतकऱ्यांकडून हे पीक लावून घेतलं होतं. युद्ध संपलं, दोरखंड कुजले, पण बियांना कुणी कळवलंच नाही. त्या आपल्या ऐंशी वर्षं चराचरात उगवतायत. डेलमारची अख्खी तरुणाई हा रानगांजा विळ्यानं सपासप कापण्यात गेली होती; बाकी गावाच्या लेखी ते नुसतं चरातलं तण. अर्डिस मात्र पास्टरची मुलगी, शहरात वाढलेली. गांजाचं पान तिनं पाहिलं होतं ते तिच्याच समितीच्या पत्रकावर, आणि ते चर्चच्या जुन्या मशीनमधून असं काही छापून आलं होतं, की गाडीखाली आलेला कावळा परवडला.

आता मतदानाला सहा आठवडे राहिलेले. एकवीस वर्षांवरच्या माणसाला मौजेखातर गांजा ओढू द्यायचा की नाही, हे दक्षिण डकोटा राज्यानं मतपेटीत ठरवायचं होतं. 'नाही'वाल्यांच्या तालुका समितीची अध्यक्ष अर्डिस. डेलमारचं मत 'हो' होतं. पण ते त्यानं फक्त गुडघ्यांना सांगितलं होतं. आज समितीचं सुगीचं जेवण होतं, आणि जेवणानंतर तालुक्याचा पोलीसप्रमुख, शेरीफ कर्ट हॉगलंड, पडद्यावर चित्रं दाखवून सांगणार होता, गांजा ओळखावा कसा.

"अर्डिस, जरा बाजूला ये."

"आत्ता नाही, डेलमार. हॅम काप."

"दोनच मिनिटं."

"पातळ काप. मागच्या वेळी विटा कापल्या होत्यास."

शिडीखाली सहा बायका उभ्या होत्या, त्यांच्यासमोर बोलायची सोय नव्हती. न्यू स्टावांगरची वस्ती सहाशे बारा, आणि या सहाशे बारांच्या स्मरणशक्तीला तोड नव्हती. एक्क्याऐंशी साली मर्लिन बाकेनं मार्च महिन्यात तळ्याच्या बर्फावर गाडी नेली. आज मर्लिनला पणतू झालाय, तरी गाव त्याला 'पाणबुडी'च म्हणतं. पणतूलासुद्धा 'पाणबुडीचा' म्हणतात. अर्डिसनं चाळीस वर्षं या गावाची पोरं वळणाला लावली होती. पडद्यावर दहा फुटी पान झळकलं आणि तेच पान समोर जेलीशेजारी दिसलं, की पुढच्या तीन पिढ्या तिला काय म्हणतील, याचा विचार करूनच डेलमारच्या हातातली सुरी हॅममध्ये अडकली.

त्यानं ठरवलं. बोलायचं नाही. अर्डिस भिंतीकडे तोंड करून ठोकाठोकी करतेय, तोवर बरण्या गुपचूप उचलायच्या.

पहिल्या टेबलापाशी जाऊन त्यानं एक दणदणीत शिंक ठोकली. तिथे शेरीफची आई, व्हर्ना, गाजर घातलेली हिरवी जेली कापत होती.

"सर्दी?"

"पराग," डेलमार म्हणाला. "या पाल्याचा त्रास होतो मला. बाहेर ठेवतो."

"बरं," व्हर्ना म्हणाली.

या लोकांचं हे एक बरं असतं. शेजाऱ्याच्या घराला आग लागली, तरी 'का लागली' विचारणार नाहीत, बादली घेऊन येतील. दोन बरण्या काखोटीला मारून डेलमार पायऱ्या चढला, पिकअपच्या मागच्या फळीवर ठेवल्या, परत आला. दुसऱ्या फेरीतही कुणी काही विचारलं नाही. पण तिसऱ्या फेरीला घोटाळा झाला. सत्तरीचा माणूस, दुखऱ्या गुडघ्यांनी, एकटाच ओझं वाहतोय, आणि आपण बसून बघतोय? या चर्चच्या लुथरन पंथाच्या माणसाला घास उतरायचा नाही. पाणबुडी मर्लिन उठला. मग व्हर्ना. मग पास्टर लोवेल स्वतः. बघता बघता पायऱ्यांवर रांग लागली, आणि एकेक बरणी छातीशी धरून अख्खी 'नाही' समिती गांजाची मिरवणूक काढून निघाली.

"अहो, राहू द्या! मी नेतो!"

"असू दे रे. हातासरशी होऊन जाईल."

"पानं मोडू नका हं," पास्टर वरून सांगत होते. "परवाच्या रविवारी वेदीवर ठेवायला होतील."

मर्लिननं तर आपल्या गाडीतून दोरी आणून सगळ्या बरण्या नीट बांधून दिल्या. सतराच्या सतरा डहाळ्या पिकअपमध्ये संध्याकाळच्या उन्हात डुलायला लागल्या. डेलमारनं किल्ली खिशातून काढली, आणि शेजारी शेरीफची गाडी येऊन थांबली.

कर्ट हॉगलंड उतरला. साडेसहा फूट उंच, पट्ट्याला पिस्तूल. त्यानं पिकअपकडे पाहिलं. डेलमारकडे पाहिलं. पुन्हा पिकअपकडे पाहिलं.

"डेलमार."

"कर्ट."

"हवा चांगली आहे."

"पाऊस हवा होता थोडा."

"हो. हे मागे काय आहे?"

"कचरा."

"कचऱ्याला फिती बांधल्यात."

डेलमारच्या पाठीमागे पायऱ्यांवर समिती उभी होती, चेहऱ्यावर मदत केल्याचं समाधान घेऊन. खरं सांगावं तर बायकोची अब्रू जाते. खोटं सांगावं तर सुचत नव्हतं.

"माझंय ते. मी कापलं."

"तुम्ही? कशाला?"

"गुडघे," डेलमार म्हणाला. पटकन एवढंच आठवलं.

पायऱ्यांवर कुणीतरी "अगंबाई" म्हणालं. शेरीफनं टोपी मागे सारली. "डेलमार, इथे, 'नाही'वाल्यांच्या दारात, सतरा बरण्या? ओढणार होतात की काय?"

"छे रे! हे ओढून काय होतंय? नुसतं डोकं दुखतं!"

बोलून गेला आणि जीभ चावली. कारण पायऱ्यांवरची गर्दी दुभंगली होती आणि मधून अर्डिस येत होती, हातात हातोडी.

"कर्ट हॉगलंड."

शेरीफनं टोपी काढली. तिसरीत त्याला याच बाईंनी पाढे शिकवले होते, आणि साताचा अजून कच्चा होता.

"जी, मिसेस ट्वेट."

"माझ्या नवऱ्यानं चव्वेचाळीस वर्षांत दहादा सांगितल्याशिवाय एक काडी कापलेली नाही. तो पाला मी आणलाय. काय आहे ते?"

शेरीफनं डेलमारकडे केविलवाणं पाहिलं. डेलमार आकाशाकडे बघत होता, पाऊस येतोय का म्हणून.

"विचारलं मी काहीतरी, कर्ट. सगळ्यांना ऐकू येईल असं सांग."

कर्टनं तोंडानं सांगितलं नाही. गाडीतून लॅपटॉप आणून उघडला, पहिलं चित्र लावलं आणि तिच्यासमोर धरलं. अर्डिसनं चित्रातलं पान पाहिलं. बरणीतलं पाहिलं. चित्रातली बोटं मोजली. बरणीतली मोजली. शिक्षिका होती, दोनदा मोजली.

तळघरात कॉफीचं मोठं भांडं गुरगुरत होतं.

"म्हणजे," व्हर्ना हळूच म्हणाली, "मी स्वयंपाकघरात उलटं टांगून वाळवलंय, तेपण हेच?"

"आई!"

"गेल्या सुगीला अर्डिसनंच दिली होती जुडी. तुझ्या टोपीच्या खुंटीशेजारीच आहे की. दर रविवारी 'वास छान येतो' म्हणतोस."

"आई, गप्प बस ना!"

"वेदीवर फुलांच्या गुच्छात तीन वर्षं होतं," पास्टर लोवेल स्वतःशीच पुटपुटले. "मी आशीर्वाद दिला त्याला."

मग एकेकाला आठवायला लागलं. कुणाच्या दारावरच्या हारात होतं, कुणी बहिणीच्या लग्नात गुच्छ केला होता, मर्लिननं आईच्या थडग्यावर ठेवलं होतं. शेरीफनं खिशातली वही काढली, समोरच्या चाळीस माणसांकडे नजर टाकली, त्यात आईकडे जरा जास्त वेळ, आणि वही परत खिशात घातली.

"मिसेस ट्वेट," तो काकुळतीनं म्हणाला, "आता मी काय करू?"

अर्डिसनं हातोडी मर्लिनच्या हातात दिली. मान ताठ केली. "काय करू काय? बरण्या आत घ्या. प्रत्येकाच्या टेबलावर एकेक. तू पडद्यावर दाखव, आम्ही हातात धरून बघू. ओळखत नव्हतो, आता ओळखायला शिकू. त्यात लाजायचं काय? लाज न शिकण्याची असते."

आणि चाळीस माणसांनी तो गांजा मुकाट्यानं पुन्हा खाली नेला.

शेरीफचं भाषण इतकं रंगलं, की जेली तशीच राहिली. लोकांनी पानं चुरगळली, हुंगली, प्रश्न विचारले. व्हर्नानं तीन वेळा हात वर केला, तिन्ही वेळा सांधेदुखीबद्दल. अर्डिसला कुणी नाव ठेवलं नाही; ठेवणार कसं, प्रत्येकाच्या घरात एकेक जुडी! पण गावाला नाव तर ठेवायचंच होतं. शेवटचा गोड पदार्थ, भोपळ्याचा 'पाय', वाढेपर्यंत ते ठरलंही. "अरे गुडघ्या," मर्लिन पाठीवर थाप मारून म्हणाला, "क्रीम घेणार का वर?" एक्केचाळीस वर्षांनी त्याच्या जोडीला कुणीतरी आलं होतं, माणूस सुखावला होता.

जेवण आटोपून दोघं पिकअपमधून घरी निघाले. दोन्हीकडे कापणीला आलेला मका, मध्ये सरळसोट रस्ता.

"माझ्यासाठी खोटं बोललास," शेवटी अर्डिस म्हणाली.

"हं."

"वाईट बोलतोस खोटं. गुडघे म्हणे!"

"हं."

"आणि 'नुसतं डोकं दुखतं' हे तुला रे कसं माहीत?"

डेलमारनं चाकावरचे हात सावरले. पन्नास वर्षं जो चुकवला होता, तो प्रश्न आला होता. "बहात्तर साली," तो म्हणाला. "धान्याच्या कोठाराच्या मागे. मी, मर्लिन आणि हॅन्सनचा थोरला. वर्तमानपत्रात गुंडाळून. मर्लिनला आम्ही तंबाखू म्हणून सांगितलं."

"मग?"

"मग काय? काही झालं नाही. डोकं धरलं."

अर्डिस खिडकीबाहेर मका बघत होती. एक मैल गेला. दुसरा अर्धा गेला.

"दोन दिवस, नाही का?" ती म्हणाली. "आणि तोंडाला जुन्या दोरखंडाची चव."

पिकअप जरा चराकडे वळली.

"एकाहत्तर साली, बायबलच्या शिबिरात," अर्डिस म्हणाली. "वाळवून, चुरून, काळपट झालेलं. हिरवं असताना ते एवढं सुंदर दिसतं, हे मला कुणी सांगितलं होतं? आणि माझं मत अजून 'नाही'च आहे. आता रस्ता बघ, डेलमार."