डोक्यातला मुकादम

शेवटच्या गुरुवारी आम्ही दोघं देऱ्याच्या बाजारात गेलो, तेव्हा मी पुढं होतो आणि माझी बायको जैबून वीस पावलं मागं, तोंडात खजूर धरून. खायला नव्हे. तोंड बंद राहावं म्हणून. तोंड मोकळं असलं की तिला राहवायचं नाही आणि ती मागून ओरडायची, "अहो, ते दुकान नव्हे!"

मला पाच कामं होती आणि हातात कागद नव्हता. मलबाऱ्याकडून सुकी लिंबं, इराण्याकडून रोटी, पठाणाकडून किल्लीची नक्कल, औषधवाल्याला दुकान कधी बंद होतं ते विचारायचं, आणि पावणेअकराला खाडीच्या धक्क्यावर उभं राहायचं. एका दुकानात दोनदा जायचं नाही. मी सगळं केलं. धक्क्यावर जैबूननं खजुराची बी तळहातावर काढली, "मुकादम हजर!" म्हणाली, आणि घरी येऊन आम्ही बांगड्याचं कालवण खाल्लं. दुपारचा नमाज पढून ती जरा आडवी झाली. तिसऱ्या प्रहरी, असरच्या बांगेला, उठली नाही.

माणूस गेला की त्याच्याबद्दल गोड लिहितात. मी चौथी शिकलोय, मला गोड लिहिता येत नाही. जैबून विचित्र बाई होती. घरी आलेल्या पाहुण्याला पाणी द्यायच्या आधी ती पाच कामं सांगायची. "उठा, ती खिडकी लावा, घड्याळात किती वाजले बघा, चप्पल सरळ करा, मला तुमच्या आईचं नाव सांगा, आणि दहा मिनिटांनी आठवण करा की मला दूध तापवायचंय." गॅसची टाकी घेऊन येणारा माणूससुद्धा सुटला नाही. पास झाला तर सरबत. नापास झाला तरी सरबतच, पण वर एक सल्ला.

हे खूळ तिला दवाखान्यात लागलं. आम्ही रत्नागिरीकडचे, पोटासाठी इकडं आखातात आलेले. मी तीस वर्षं बेकरीची व्हॅन चालवली. तिनं आधी एका अरबाच्या घरी स्वयंपाक केला, मग मेंदूच्या एका दवाखान्यात चहा-कॉफी करायला लागली. अरबी अशी बोलायची की टॅक्सीवाले तिला इथलीच समजायचे. कुराण लहानपणापासून पढलेली, त्यामुळे अक्षरंही वाचायची.

त्या दवाखान्यात नादिया म्हणून डॉक्टरीणबाई आहेत, जॉर्डनकडच्या. जैबून त्यांना दुक्तोरा म्हणायची, इथं सगळेच म्हणतात. इंग्लंडातून आलेली एक परीक्षा त्या अरबी माणसांसाठी नव्यानं बसवत होत्या. परीक्षा हुशारीची नाही. झटका आलेला किंवा डोक्याला मार लागलेला माणूस कधीकधी नीट बोलतो, नीट चालतो, जुनं सगळं आठवतं, पण पाच कामं सांगितली की दोन करतो आणि तिसऱ्याच्या दारात उभा राहतो. घरचे म्हणतात, आळशी झाला. दुक्तोरा हे कुणाला तरी समजावत होत्या. जैबून कॉफी ओतता ओतता म्हणाली, "म्हणजे मजूर सगळे कामावर, मुकादम तेवढा सुट्टीवर."

दुक्तोरांनी कप खाली ठेवला. त्या दिवसापासून जैबूनची नोकरी नुसती कॉफीची राहिली नाही.

परीक्षेच्या कागदाचा पहिला तर्जुमा तिनं मोडीतच काढला. "दुक्तोरा, असं फक्त टीव्हीवरचा बातम्यावाला बोलतो. म्हाताऱ्याला वाटेल लढाई लागली." मूळ कागदात पोस्टकार्ड आणा असं होतं. जैबून म्हणाली, "देऱ्यात कोण कुणाला पोस्टकार्ड पाठवतं? लूमी आणायला सांगा." लूमी म्हणजे तीच सुकी लिंबं, अरबांच्या कालवणात लागतात. दुक्तोरांनी लूमी लिहिलं.

मग परीक्षा आधी चांगल्या डोक्याच्या माणसांवर करून बघायची ठरली. माणसानं कागद घेऊन बाजारात फिरायचं, आणि मागून जैबूननं जाऊन कुठं चुकतो ते लिहायचं. पहिला महिना सगळे पास. एकाचीही चूक नाही. दुक्तोरा खूश झाल्या, मग त्यांना शंका आली, मग एक दिवस त्या स्वतः मागून गेल्या. बघतात तर एक म्हातारा चुकीच्या दुकानात पाय टाकतोय आणि जैबून खोकतेय. म्हातारा वळला, बरोबर दुकानात गेला.

"जैबून, तुम्ही खोकत होता?"

"एसी बाधला, दुक्तोरा."

"रस्त्यावर?"

जैबून तेव्हा खरं बोलली. "पांढऱ्या दाढीचा माणूस माझ्यासमोर चुकतोय आणि मी कागदावर फुली मारत बसू? मला नाही जमत. माझ्या आईनं मला असं वाढवलं नाही."

महिन्याभराचे निकाल फुकट गेले. दुसरी कुणी असती तर दुक्तोरांनी तिला काढली असती. पण बाजार माहीत असलेली, अरबी बोलणारी आणि न लाजता भांडणारी बाई दुसरी मिळेना. म्हणून खजूर निघाला.

खजूर तोंडात आला आणि सगळे नापास व्हायला लागले. कागदावर नियम होता की कामापुरतंच बोलायचं. बू राशिद म्हणून एक इथले बुजुर्ग लूमी घ्यायला गेले. दुकानदाराला सलाम केला. त्यानं तब्येत विचारली, यांनी मुलांची विचारली, त्यानं भावाची विचारली. कॉफी आली. निघाले तर दुकानदारानं परत हाक मारली, आणखी एक कप घ्या. तेवढ्यात बांग झाली, दोघं मशिदीत गेले. दुक्तोरांच्या कागदावर चार फुल्या. बू राशिद तर अजून हजार माणसांचा व्यापार सांभाळत होते!

दुक्तोरा डोक्याला हात लावून बसल्या. जैबूननं खजूर गिळला. "दुक्तोरा, माझं ऐका. ज्यानं सलाम न करता लिंबं उचलली त्याच्यावर फुली मारा. त्याच्या डोक्यात खरंच बिघाड आहे."

दुक्तोरांनी लिहून घेतलं. आता त्या परीक्षेत सलाम चूक नाही, दुकानदारानं परत बोलावलं तर जाणं चूक नाही, नमाजाला थांबणंही चूक नाही. हे बायकोनं केलं. तिची शाळा सातवी.

आता माझं सांगतो. दोन वर्षांपूर्वी मला हलकासा झटका आला. हात सुधारला, जीभ सुधारली. पण मासे आणायला जायचो आणि बादली घेऊन यायचो. एक काम हातात घ्यायचो आणि ते टाकून दुसऱ्याकडं चालू पडायचो. माझाच मुकादम सुट्टीवर.

आमचा मुलगा अश्फाक अबूधाबीला, अल रीम बेटावर, एकतिसाव्या मजल्यावर राहतो. तो म्हणाला, "अम्मी, तू आहेस तोवर ठीक. तुला काही झालं तर अब्बांना मी एकटं ठेवणार नाही, खलास." मुलगा चांगला आहे. पण तिथं खिडकी उघडत नाही, लिफ्टमध्ये कुणी कुणाला सलाम करत नाही, आणि नात मला म्हणते, "दादा, यू आर सो फनी." मला देऱ्यात राहायचंय. माझं सगळं आयुष्य या गल्ल्यांत गेलं.

जैबूनला हे मी सांगितलं नव्हतं. तिनंच ओळखलं. "मी काय अमरपट्टा घेऊन आलेय?" म्हणाली. "तुमचा मुकादम कामावर आणते, मग मी मोकळी." आणि दर गुरुवारी माझी परीक्षा सुरू झाली.

दुक्तोरांनी तिला समजावलं, शिकवून घेतलेल्या परीक्षेचा काही उपयोग नसतो.

"त्यांना पास कुठं व्हायचंय, दुक्तोरा? त्यांना देऱ्यात राहायचंय."

पहिले दोन-तीन गुरुवार मी माती खाल्ली. मग एकदम सुधारलो. पाचात पाच, पाचात पाच. जैबून कॅलेंडरवर काजळाच्या पेन्सिलीनं खूण करायची आणि मी छाती काढून चालायचो. एकदा तर मी तिलाच म्हणालो, "तुझी परीक्षा सोपी आहे." तिनं ओठ घट्ट मिटले. तोंडात खजूर होता म्हणून नव्हे. हसू दाबत होती.

शुक्रवारी तिला दफन केलं. बू राशिद आले होते, काठी टेकत. दुक्तोराही घरी आल्या. म्हणाल्या, "माझा महिना फुकट घालवणारी एकच बाई मला भेटली," आणि हसता हसता रडायला लागल्या. घरात अकरा माणसं होती. अश्फाक कपाटासमोर बसून माझ्या बॅगेत शर्ट भरत होता.

"उद्या दुपारी निघू, अब्बा."

मी उठून पाहुण्यांच्या चटया अंथरायला लागलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी उठलो, चपला घातल्या आणि बाजारात गेलो. कुणी काही सांगितलं नव्हतं. जिन्यात उभं राहून मीच ठरवलं. अकरा माणसं, म्हणजे रोट्या, दूध, अंडी. सूनबाईंच्या आईला साखर चालत नाही, तिच्यासाठी बिनसाखरेची बिस्किटं. आणि उद्यासाठी चहापत्ती.

मलबारी कुट्टीनं मला बघितलं, काउंटरच्या बाहेर आला, माझा हात धरला.

"चाचा, चाची हर बुधवार को आता था."

"कशाला?"

"बोलता था, कल चाचा आयेगा, ये-ये माँगेगा. भूल गया तो तुम धंधे का माफिक बोलना. मैं बोलता था, चाचा, लूमी ताजा है."

मी दुकानाच्या मधोमध उभा राहिलो. दर गुरुवारी हा मला लूमी ताजी आहे म्हणून सांगायचा आणि मला वाटायचं, माणूस धंद्यात हुशार आहे! अख्ख्या बाजाराला तिनं फितवलं होतं. इराण्याला, पठाणाला, औषधवाल्याला. पाचात पाच माझे कधीच नव्हते. मला असा राग आला की तिथंच तिच्याशी भांडलो असतो.

"मग माझं सगळं खोटंच?" मी म्हणालो.

"पिछला गुरुवार नहीं," कुट्टी म्हणाला. "मैं मुँह खोला, चाची पीछे से हाथ किया, चुप! तुम खुद माँगा, चाचा. खुद. चाची रस्ते में खड़ा-खड़ा रोया. मैं देखा."

मी तसाच इराण्याकडं गेलो. तो म्हणाला, हो, रोटी तुम्हीच मागितलीत. औषधवालाही तेच म्हणाला. पठाण मात्र सरळ माणूस. "नहीं चाचा, चाबी का तो मैंने ही याद दिलाया था."

धक्क्यावर तर मी आपणच पोचलो होतो. म्हणजे पाचात चार. आणि हे तिनं बघितलं होतं, मरायच्या आधी, स्वतःच्या डोळ्यांनी. पठाणाच्या दुकानासमोर उभा राहून मी हसलो. तो घाबरला, त्यानं मला स्टूल दिलं.

उठताना मी त्याला सांगितलं, आणि मग बाकीच्यांनाही जाऊन सांगितलं, "यापुढं मला काही सुचवायचं नाही. चुकलो तर चुकू दे."

घरी आलो. दोन्ही हातांत पिशव्या. अंडी राहिली होती. मी अश्फाकला म्हणालो, "अंडी विसरलो. बाकी सगळं आणलंय. मी येत नाही."

"अब्बा, इट्स नॉट सेफ."

"पाचात चार आहेत. कुट्टीला विचार."

त्यानं पिशव्यांत बघितलं. बिस्किटांचा पुडा काढला, त्यावरचं वाचलं, सासूकडं बघितलं.

"एक महिना बघू," तो म्हणाला. "मी रोज फोन करणार."

"कर. पण इकडचं तिकडचं बोल. परीक्षा घेऊ नकोस."

बॅगेतले शर्ट काढून मी कपाटात ठेवले. मग अकरा माणसांचा चहा टाकला. बाहेरून कुणी हाक मारली, मोबाईल वाजला, नातीनं शर्ट ओढला. चहा होईपर्यंत मी शेगडीसमोरून हललो नाही.