यंदा एक बोट जास्त

“या साबनानं सदरा आटवला वं! गुंडी काजाले भेटूनच नाही राह्यली!”

भिंतीपलीकडून बबनरावांची कुरकुर ऐकू आली आणि चुलीपुढे भाकर थापता थापता शकुबाई गालातल्या गालात हसली.

“साबनाले कायले नावं ठेवता? सदरा नाही आटला, पोट सुटलं तुमचं!” ती बसल्या जागेवरूनच ओरडली. “मले पाहा! चवदा वर्षं झाले लग्नाले, माप सुताभरानं हाललं नाही!”

बबनराव हुशार गडी. कापसाच्या बाजारात दलालाशी तास तास भांडतील, पण या विषयावर हूं नाही की चूं नाही. ओसरीवर वाती वळत बसलेल्या सासूबाईंनी, मैनाबाईंनी, तर वळलेलीच वात पुन्हा वळायला घेतली.

आता शकुबाई म्हणत होती त्याला पुरावाही होता, बरं का! तिच्या ट्रंकेत तिचं लग्नातलं हिरवं पोलकं होतं, सन अठ्ठेचाळीसचं. शिंप्यापुढे अंगाचं माप द्यायला कोण बाई उभी राहते? मापाचं पोलकं पाठवायचं, त्यावरून नवं शिवून यायचं. दर दिवाळीला ते हिरवं पोलकं बबनरावांच्या हातून गावातल्या रामलाल शिंप्याकडे जाई आणि आठ दिवसांनी नवं येई ते असं बसे, जसा वांग्याला देठ! बबनराव निघताना मैनाबाई लेकाच्या कानाशी काहीतरी पुटपुटत. सरकी-ढेपेचं काही असेल, म्हणून शकुबाईने कधी कान दिला नाही. हिरवं पोलकं पुन्हा अंगात घालून पाहायचंही तिच्या कधी मनात आलं नाही. मापाची वस्तू ती, वापरायची थोडीच!

बासष्टच्या फाल्गुनात तिच्या धाकट्या भावाचं, घनश्यामचं लग्न पांढरकवड्याला निघालं. शकुबाई करवली! भावाने पहिल्या कमाईतून जांभळं रेशमी कापड पाठवलं, चांगलं मीटरभर. सोबत चिठ्ठी – ‘ताई, याचंच पोलकं घालून माझ्यामागं दिवा घेऊन उभी राहजो.’ चिठ्ठी तिने चारदा वाचून घेतली आणि पाचव्यांदा स्वतःच तोंडपाठ म्हणून दाखवली.

पण ऐन वेळी रामलाल शिंपी लेकीकडे महागावला गेलेला. बबनराव कापसाच्या गाड्या घेऊन जिनिंग कारखान्यावर. मग शकुबाईने हिरवं पोलकं पिशवीत घातलं, शेजारच्या तांड्यावरची मैत्रीण लालीबाई सोबतीला घेतली, आणि बाजाराच्या दिवशी थेट घाटंजी गाठली.

तिथे श्रावण शिंप्याचं नवं दुकान. मशीन नवी, गळ्यातली मीटरची पट्टीही नवी. त्याने हिरवं पोलकं उचललं. पोलक्याकडे पाहिलं. शकुबाईकडे पाहिलं. पुन्हा पोलक्याकडे पाहिलं.

“हे... तुमचंच होय ना बाई?”

“माह्यंच! लग्नातलं!”

श्रावणने तोंड उघडलं. शकुबाईच्या पाठीमागून लालीबाईने दोन्ही हात हलवून नाही-नाही केलं. श्रावणने तोंड मिटलं आणि पोलक्यालाच पट्टी लावली.

“छाती शहात्तर!”

निम्मा बाजार वळून पाहू लागला.

“शहात्तर?” शकुबाई कडाडली. “अरे, मी बाई हाओ का कापसाची गाठ?”

“हे सेंटीमीटर आहेत बाई! इंच गेले आता. जुने तीस म्हनजे नवे शहात्तर.”

“म्हनजे सरकारनं एका रात्रीत सगळ्या बायाईले फुगवलं म्हन ना! माह्यं काही ऐकू नको. हे पोलकं हाय, तस्संच शिव. सुताचा फरक नको!”

“सुताचा फरक होनार नाही,” श्रावण म्हणाला.

आणि झालाही नाही. तिथेच तर घोळ झाला!

लग्नाला चार दिवस उरले असताना पोलकं घरी आलं. शकुबाईने आत जाऊन एक हात घातला. दुसरा घातला. दोन्ही बाह्या दंडावर जाऊन ज्या रुतल्या त्या रुतल्याच! दोन्ही हात मागे, छाती पुढे, मुसक्या बांधलेल्या चोरासारखी ती खोलीत गरगर फिरू लागली.

“आत्याबाई! धावा वं! लालीबाई!”

सासू आणि मैत्रीण दोघी धावल्या. एकीने डावी बाही ओढली, दुसरीने उजवी. शकुबाई मधल्या मधे रवीसारखी घुसळून निघाली. शेवटी तेलाचं बोट फिरवलं तेव्हा कुठे सुटका झाली.

“रेशीम गरमीनं आटते म्हंतात,” मैनाबाई घाईघाईने म्हणाल्या.

“त्या मुडद्याचा मीटरच लहान असन!” शकुबाई म्हणाली.

“नाही वं,” दारातून नुकतेच आत आलेले बबनराव बोलून गेले, “मीटर त गजापेक्षा चार बोटं मोठा–” आईचे डोळे दिसताच ते जागीच विरघळले. “म्हनजे... घाटंजीचा लहान असन.”

“आमची कांचळी बरी,” लालीबाईने आपली पाठ दाखवली. “मांगून नुसती दोरी. बाई किती बी जा–” मैनाबाईंनी तिच्या पायावर पाय दिला. “...किती बी घाईत जाओ, बांधता येते!”

दुसऱ्या दिवशी सकाळी बैलगाडी जुंपून नवरा, सासू आणि शकुबाई अशी तिघं घाटंजीला निघाली. शकुबाईच्या मांडीवर पिशवी. पिशवीत जांभळं पोलकं, हिरवं पोलकं, आणि पक्का पुरावा म्हणून गेल्या दिवाळीला रामलालने शिवलेलं पिवळं.

“भावाचं कापड खराब केलं मेल्यानं! मी जातच नाही लग्नाले!” ती वाटभर बोलत होती आणि पदराने डोळे पुसत होती. बैलसुद्धा मान खाली घालून चालले होते.

दुकानात श्रावणने हिरवं मोजलं. शहात्तर. जांभळं मोजलं. शहात्तर.

“पाहा बाई. सुताचा फरक नाही.”

“मंग हे पाह्य!” शकुबाईने पिवळं त्याच्यापुढे आपटलं. “याच हिरव्यावरून शिवलं रामलालनं. हे काहून बरोब्बर बसते? मोज!”

श्रावणने पट्टी लावली. पट्टी सरकत गेली, सरकतच गेली. त्याने पुन्हा मोजलं. मग अगदी हळू म्हणाला, “शंभर.”

“किती?”

“शंभर, बाई. पुरा एक मीटर.”

बबनराव बाहेर जाऊन बैलाचे दात मोजू लागले.

“रामलालकाकाची पट्टी जुनी,” श्रावण चाचरला. “ढिली पडली असन...”

शकुबाई हिरव्याकडे पाहत राहिली, मग पिवळ्याकडे, मग दारातून नवऱ्याकडे.

“अवो, इकडं या. माप घेऊन तुमी जात होते. काय सांगत होते रामलालले?”

“म्या? म्या त नुसता निरोप्या!” बबनरावांनी बैलाच्या आडून कबुली दिली. “आई म्हने, ‘यंदा एक बोट जास्त ठेवाले सांग.’ पयल्या साली एक, दुसऱ्या साली दोन...”

“आन गेल्या दिवाळीले?”

“चवदा.”

शकुबाई बाकड्यावर बसली. दोन्ही हातांची बोटं शेजारी शेजारी ठेवून पाहिली. पुरली नाहीत!

श्रावणला राहवेना. त्याने मशीनखालून एक पुडकं काढलं. आत जांभळ्या कापडाचे सगळे तुकडे जपून ठेवलेले. “मले अंदाज होता बाई, म्हनून कातरन फेकली नाही. दोन्ही बाजूनं पट्ट्या टाकतो, बाह्या उसवून वाढवतो. उद्या सकाळी घेऊन जा. समजनार बी नाही कोनाले.”

बबनरावांनी सुटकेचा श्वास टाकला. त्याबरोबर सदऱ्याची एक गुंडी उडाली, पण तिच्याकडे कोणी पाहिलं नाही.

“टाक पट्ट्या,” शकुबाई नाक ओढत म्हणाली. “पन आजपासून मी येकच भाकर खाईन. दूध बंद. तूप त शिवनार बी नाही!”

“खबरदार!”

मैनाबाई अशा उठल्या की मशीनवरची कात्री खाली पडली.

“माह्या दारात आली तवा तुयं मनगट माह्या दोन बोटात मावे! बांगडी कोपरापावतर घसरे! चवदा वर्षं म्या तुया भाकरीखाली चोरून तूप लावलं, येकेक बोट वाढवलं तुले! आन आता उपाशी राह्यतं? माही सारी मेहनत पान्यात घालतं? अवं, जाडी झाली तू, शके! मोठ्या मुश्किलीनं जाडी झाली!”