टोकनांचा उजवा कौल

आमच्या सौभाग्यवतीने, म्हणजे सिद्धीने, कुळागरातल्या सुपारीच्या पैशांतून स्वतःच्या स्कूटरपुरती रक्कम जमवली होती. मयेहून डिचोलीच्या बालवाडीत शिकवायला रोज बसने लोंबकळत जाणं तिला नकोसं झालं होतं. ती रक्कम बँकेत नुसती पडून आहे, हे मला बघवेना. (मला दुसऱ्याचे पैसे पडून राहिलेले कधीच बघवत नाहीत.) स्कूटर कशाला, मोटारच घेऊ, असं सांगून मी त्या पैशांची ब्लॉकचेनवरची टोकनं घेतली.

मग टोकनं व्याजाने फिरवून देणारं एक अ‍ॅप सापडलं. (इंटरनेटवर परोपकारी माणसं फार.) तुमच्या वॉलेटमधली टोकनं तुमच्या वतीने खर्च करायची परवानगी देता का, असं त्याने नम्रपणे विचारलं. खाली मर्यादा लिहायला चौकट होती आणि शेजारी तयार बटण: 'अमर्याद'.

अशा वेळी शिकलेला माणूस तज्ज्ञाला विचारतो. मी गावच्या देवळात कौल लावला. पुजाऱ्याने देवाला पाकळ्या लावून गाऱ्हाणं घातलं आणि उजवी पाकळी पडली. देवाने होकार दिल्यावर मर्यादा घालणारा मी कोण? मी 'अमर्याद' दाबलं. घरी येऊन चहा घेईपर्यंत वॉलेट धुऊन पुसून ठेवल्यासारखं स्वच्छ झालं होतं.

सिद्धी रडली नाही. रडली असती तर बरं झालं असतं.

"तुमी देवाक कितें विचारलें?"

"परवानगी दिवची काय ना, इतलेंच."

"आनी कितली दिवची तें?"

हे पुजाऱ्यालाही सुचलं नव्हतं, असं मी बाणेदारपणे सांगितलं. पण मनातून मला फार लाज वाटली. मी माझी स्कूटर तिला देऊन टाकली. माझ्या पगाराचं खातं तिने स्वतःकडे घेतलं आणि बँकेच्या अ‍ॅपमध्ये मला कनिष्ठ नेमलं. म्हणजे कोड मी स्कॅन करायचा. तिने 'होय' दाबलं तरच पैसे जाणार. (स्कूटरवर मागे बसायची परवानगी अजून विचाराधीन आहे.)

सोमवारी बसमध्ये कंडक्टरने तिकिटाचे पैसे मागितले. मी स्कॅन केलं आणि हळूच म्हणालो, "बायलेन हय म्हणूंक जाय." सगळी बस ऐकत होती. तेवढ्यात आमचीच स्कूटर बसला मागे टाकून गेली आणि मी तिच्यावरच्या सिद्धीकडे बोट दाखवलं. गाडी चालवताना ती फोनला हात लावत नाही. फार शिस्तीची आहे.

कंडक्टरने ड्रायव्हरला हाक मारली, "तिका गांठ रे, ह्या मनशाचें तिकेट तिचेकडेन आसा."

डिचोलीच्या बाजाराजवळ आम्ही तिला गाठलं. कंडक्टरने खिडकीतून सगळं समजावलं. सिद्धीने स्कूटर बाजूला घेतली, शांतपणे फोन काढला, रक्कम पाहिली आणि त्याला विचारलं,

"हांकां अर्धें तिकेट चलना?"