मधू मास्टरची वैनगंगा

आमच्या गल्लीत कोणी वारलं, की शेजारच्या शांताकाकू आधी आपल्या मुलाला घरात कोंडत, बाहेरून कडी लावत आणि मगच रडायला जात. त्याला कारण होतं. एकदा त्यांचा हा मधू असाच भेटायला गेला होता. बायकांचा आकांत चालला होता आणि त्याचे हात आपोआप हलायला लागले. डाव्या हातानं त्यानं कोपऱ्यातल्या बायकांना जरा दबून घ्यायला सांगितलं. उजव्या हातानं मयताच्या थोरल्या सुनेला ‘आता तुम्ही’ अशी खूण केली. सुनेनं खरोखरच त्या खुणेवर हंबरडा फोडला. घरी आल्यावर काकूंनी त्याला चपलेनं मारलं, पण सून किती वेळेवर उठली हे तो पुढे कितीतरी दिवस कौतुकानं सांगत असे.

ही ऐंशीच्या दशकातली गोष्ट. मधू खोब्रागडे तेव्हा जेमतेम पंचविशीचा होता आणि चंद्रपूरला वनखात्याच्या कचेरीत तात्पुरता कारकून होता. किल्ल्याच्या भिंतीलगत आमची घरं एकाला एक लागून होती, त्यामुळे त्याचं सगळं मला ऐकू येई. ऐकण्याखेरीज मी फारसं काही करतही नसे. नागपूरच्या कॉन्व्हेंटच्या होस्टेलमधून मी नुकतीच घरी आले होते. गल्लीत माझ्याशी काय बोलावं हे कोणाला कळत नव्हतं आणि मलाही ते सोयीचं होतं.

मधूला वाद्यवृंद चालवायचा होता. गाण्यांच्या पार्ट्या तेव्हा चंद्रपुरातही होत्या, पण त्यांत चमचमता कोट घातलेला गायक पुढे असे आणि हातवारे करणाऱ्याची कोणाला गरज नसे. मधूचं खूळ वेगळं होतं. कधीतरी नागपूरला एका चर्चच्या सभागृहात परदेशी वादक आले होते. तिकीट नव्हतं म्हणून हा बाजूच्या दारात उभा राहिला. तिथून वादक दिसतच नव्हते, फक्त कंडक्टर दिसत होता. एक माणूस काडी हलवतो आणि हॉलभर संगीत भरतं, एवढंच त्यानं पाहिलं. “मले वाटलं, सगळं त्या काडीतूनच निघून राह्यलं,” तो सांगे. नंतर खरं काय ते कळलं, तरी त्याचा विश्वास फारसा ढळला नव्हता.

मी मिशनच्या सिस्टरांकडे पियानो शिकले आहे, हे त्याला माझ्या आईनं सांगितलं. दुसऱ्या दिवशी तो कुंपणापाशी येऊन उभा.

“ए कॉन्व्हेंट, पेटी वाजवशील?”

“मला येत नाही पेटी,” मी म्हणाले.

“पियानो येते ना? तेच आहे. एका हातानं वाजवायचं, दुसऱ्यानं हवा भरायची. आधी ऐकायचं, मग वाजवायचं.”

हे शेवटचं वाक्य तो सगळ्यांना ऐकवी. दूधवाल्यालाही. मी नाही म्हणायला शब्द शोधत होते, तोवर तो निघूनही गेला होता. माझं होस्टेलचं इंग्रजी, घरचं मराठी आणि एकूण भित्रेपण यांचा त्याला असाच फायदा होई.

बाकीचे वादक त्यानं कुठून कुठून गोळा केले. सिरोंच्याकडचा एक तेलुगू पोस्टमन व्हायोलिन वाजवी. भजनी मंडळातले ढोलकी-टाळवाले होते. आणि मुख्य म्हणजे इब्राहिमचाचांचा लग्नातला बँड, अख्खाच्या अख्खा. चाचा क्लॅरिनेट वाजवत. चंद्रपुरातली निम्मी लग्नं त्यांच्या क्लॅरिनेटवर लागली होती, आमच्या आईबाबांचंही.

तालीम चाचांच्या पत्र्याच्या शेडमध्ये. भिंतीवर बँडचे लाल कोट टांगलेले. पहिल्या दिवशी मधू खुर्चीवर चढला, सगळ्यांकडे पाहिलं आणि सुरुवात करायला दोन्ही हात वर नेले. भजनी मंडळ सुरू झालं. पोस्टमन सुरू झाला. बँडवाल्यांनी मात्र तोंडापर्यंत नेलेली वाद्यं एकदम खाली ठेवली.

“काऊन ठेवली बे?” मधू म्हणाला.

“तुमी हात वर केला ना,” ट्रंपेटवाला म्हणाला.

“मी सुरू करा म्हणून करून राह्यलो.”

चाचांनी समजावलं. “बेटा, हाथ उपर मतलब बंद. नवरदेव मांडवात पोचला, की पोरीचा मामा हात वर करते. त्यावर पण वाजवत राह्यला, तर जेवाले नाई भेटत.”

आठवडाभर मधूनं त्यांचं वळण बदलायचा प्रयत्न केला. मग स्वतःचं बदललं. हात खाली नेले की सुरू, वर नेले की बंद. भजनी मंडळालाही त्यानं हेच शिकवलं. शिवाय बँडवाल्यांना बसून वाजवता येईना, पाय चालल्याशिवाय त्यांचा श्वास जुळत नसे. म्हणून ते उभ्यानं जागच्या जागी पाय टाकत वाजवत. आमचा वाद्यवृंद लांबून पाहणाऱ्याला कुठंतरी निघालेला वाटे.

फक्त चाचा खुर्चीवर बसत. त्यांचा तो हट्टच होता.

“उभी जिंदगी चलते चलते बजाया,” ते एकदा मला म्हणाले. “लोग नाचते, खाते, झगडते. ऐकत कोणीच नाई. एकदा कुर्सीवर बसून वाजवायचं आहे, समोर माणसं चूप पायजेत.”

मधूनं रचना स्वतः केली होती. तिचं नाव ‘वैनगंगा’. सुरुवातीला काठावरच्या मार्कंड्याच्या देवळातल्या घंटा, मग नदी. गाणं नाही, गायक नाही. शेवटचा मोठा भाग चाचांच्या एकट्या क्लॅरिनेटचा, बाकी सगळे मागे हळू. ती रचना वाजवायला जागाही मिळाली. कोरपन्याकडच्या एका सिमेंट कारखान्याच्या कॉलनीत क्लबचा वार्षिक समारंभ होता. क्लबचे सेक्रेटरी स्वतः तालीम ऐकायला आले आणि जाताना म्हणाले, “कार्यक्रम नीट झाला, तर आमच्या क्लबात संगीत-शिक्षकाची जागा आहे. माझ्या मनात तुम्ही आहात.”

मधूच्या हातात त्याच आठवड्यात आलापल्लीच्या बदलीचा हुकूम पडला होता. तिथल्या सागवान-डेपोत लाकडं मोजायची. तिथं जंगल भरपूर होतं, व्हायोलिनवाला पोस्टमन नव्हता. सगळं त्या एका कार्यक्रमावर येऊन ठेपलं.

आणि नेमका तेव्हाच तो रचनेत थांबे घालायला लागला. नदी छान वाहत असे आणि हा मध्येच हात वर करी. सगळे गप्प. मग पुन्हा सुरू. प्रत्येक तालमीला एक नवा थांबा.

पोस्टमन वैतागला. “मास्टर, नदी कुठं थांबते का?”

“उन्हाळ्यात थांबते,” मधू म्हणाला. “डोह होते. पाह्यली नाई का तुम्ही?”

सगळ्यांनी ते त्याचं आणखी एक खूळ म्हणून सोडून दिलं. माझी पेटी चाचांच्या खुर्चीला लागून होती, म्हणून मला निराळं दिसत होतं. वाजवताना चाचांच्या मानेच्या शिरा तटतटून फुगत आणि खालच्या ओठाचा रंग बदले. तेवढ्यात मधूचा हात वर जाई. तो समोरचा कागद पाहतच नव्हता. तो चाचांची छाती पाहत होता.

तालमीनंतर मी त्याच्यामागे गल्लीत शिरले. माझ्या हिशेबानं ते मोठंच धाडस होतं.

“ते डोह चाचांसाठी आहेत ना?”

तो थांबला. “त्यांचा पुतण्या चांगला वाजवते,” तो म्हणाला. “सेक्रेटरी पण म्हणून राह्यले, की म्हाताऱ्याले बसवा आणि पोट्ट्याले घ्या. पण मंग त्या खुर्चीवर कोण बसंन?” मग म्हणाला, “तू पाह्यलं, ठीक आहे. बोलाचं नाई कोणाशी.”

न बोलणं मला चांगलं जमतं, हे त्याला ठाऊक असावं.

समारंभाच्या संध्याकाळी कॉलनीचं पटांगण भरलं होतं. मधू प्रेक्षकांकडे पाठ करून उभा राहिला, तेव्हा कुजबुज झाली. ‘गाणारा कुठी आहे?’ असंही कोणीतरी विचारलं. मग घंटा सुरू झाल्या, व्हायोलिन आलं, बँडवाले जागच्या जागी चालायला लागले आणि पटांगण हळूहळू शांत होत गेलं. चाचांनी खुर्चीत बसल्या बसल्या क्लॅरिनेट उचललं, तोवर माणसं खरोखरच चूप झाली होती.

ते फार सुंदर वाजवत होते. समोरची शांतता पाहून त्यांना जोर आला असावा. मधूनं पहिल्या डोहावर हात वर केला, आम्ही सगळे थांबलो. चाचांचे डोळे मिटलेले होते. ते वाजवतच राहिले, पुढच्या डोहावरूनही तसेच गेले. मधूनं आम्हाला खुणेनं पुन्हा त्यांच्यामागे घेतलं. मग चाचांचा ओठ निळसर झालेला मी पाहिला. खुर्चीवरचं शरीर पुढे झुकलं. सूर अजून शाबूत होता, पण पुढचा येणार नव्हता.

मधूनं हातातली काडी चाचांच्या पायाशी टाकली. खट्‌ आवाज झाला, चाचांनी डोळे उघडले आणि समोर मधूचे दोन्ही हात वर होते. सगळं एकदम बंद. डोह नसलेल्या जागी, ओळीच्या अध्येमध्ये.

तो वळला. “माफ करा,” तो प्रेक्षकांना म्हणाला. “मोजण्यात माझी चूक झाली. काडी पण पडली. नदी पुन्हा सुरू करतो.”

लोक हसले. मागून शिट्टीही आली. मधू काडी शोधत बराच वेळ स्टेजवर ओणवा राहिला. ती माझ्या समोरच पडली होती आणि त्याला दिसत होती. मी जागची हलले नाही. चाचांचा श्वास पुन्हा संथ झाला, तेव्हा त्याला ती सापडली.

दुसऱ्या वेळी चाचा डोळे उघडे ठेवून वाजवत होते आणि प्रत्येक डोहावर थांबले. शेवटी पटांगण उभं राहिलं. सेक्रेटरींनी चाचांना शाल दिली. मधूला बाजूला घेऊन ते हळूच म्हणाले, “म्हातारा कमाल आहे. पण भर कार्यक्रमात मोजणी चुकवणारा शिक्षक मी कमिटीपुढे कसा न्यायचा?” मी जवळच होते. माझं तोंड उघडलेलं मधूनं पाहिलं आणि डाव्या हाताची दोन बोटं जरा खाली दाबली. मी गप्प बसले.

महिन्याअखेर तो आलापल्लीला निघाला. एसटी स्टँडवर काकू होत्या, मी होते आणि शाल पांघरलेले चाचा होते, भर उन्हात. मधू खिडकीपाशी बसला होता. चाचा खिडकीच्या गजावर बोटांनी ठेका देत त्याला समजावत होते.

“दिल का अच्छा है तू. पर मोजण्यात कच्चा. अरे, खाली जगह भी गिननी पडती है, बेटा. तिथंच माणूस फसते.”

“हाव चाचा,” मधू म्हणाला. “कच्चाच आहे मी.”

“गिन. एक, दो, तीन, चार.”

ड्रायव्हर चढला, इंजिन सुरू झालं. मधू गुडघ्यावर बोट आपटत, नव्या विद्यार्थ्यासारखा मान खाली घालून मोजत होता.

“फिरसे,” चाचा म्हणाले.

त्यानं पुन्हा एकपासून सुरुवात केली.