गच्चीवरची वाफ

भांडण मिटवायचं असलं तर माणूस समोरच्याला कॉफीला बोलावतो. फार तर जेवायला बोलावतो. रेइयोने सोसायटीच्या चेअरमनला सॉनात बोलावलं. एवढीशी गोष्ट, पण तिच्यापायी अख्खी बिल्डिंग रस्त्यावर आली, आगीचा बंब आला आणि रेइयोची पाठ अशा लोकांनी पाहिली ज्यांनी त्याचं तोंडही आधी कधी नीट पाहिलं नव्हतं.

रेइयो फिनलंडचा. तांपेरे शहराच्या पाणीखात्यात जन्मभर कारकुनी करून रिटायर झाला. त्याची बायको सिर्क्का शाळेत शिवण शिकवायची. एका हिवाळ्यात ती घराच्या पायरीवरच बर्फावरून घसरली, मनगट मोडलं, आणि प्लास्टर सुकायच्या आत तिने जाहीर केलं, "आता मी अशा ठिकाणी राहणार जिथे बर्फ फक्त सरबतात असतो."

म्हणून दोघं स्पेनला, मालागाजवळ समुद्रकाठी राहायला आली. रेइयोने आधी खूप कुरकुर केली. मग एका अटीवर तयार झाला. तिथे सॉना पाहिजे. नसेल तर तो परत जाणार. एकटा. (एकट्याने अंडं कसं उकडतात हेही त्याला ठाऊक नव्हतं. पण अट घालताना कुठला माणूस एवढा विचार करतो?)

आता कुणी म्हणेल, एका लाकडी खोलीसाठी एवढा हट्ट? तापलेल्या दगडांवर पाणी ओतायचं, वाफ अंगावर घ्यायची, घाम काढायचा, झालं. पण रेइयोचा जन्मच सॉनात झालेला. त्याच्या खेड्यात तेव्हा बाळंतिणीला उबेची, स्वच्छ जागा म्हणजे तीच. पहिला टाहो तिथे फोडला, तेव्हा शेवटचा श्वासही तिथेच, असा त्याचा बेत होता.

तशी दोघं घरात बसणारी नव्हेत. सकाळी दोन्ही हातांत दोन काठ्या घेऊन समुद्रकाठाने झपाझप चालायची. (पाय धडधाकट असताना काठ्या कशाला, हे गावातल्या म्हाताऱ्यांना अजून कळलेलं नाही.) बुधवारी फिनिश मंडळींच्या क्लबात टँगो नाचायची. वसंत आला की झोपायची-रांधायची सोय असलेली आपली गाडी काढून कधी पोर्तुगाल, कधी इटली गाठायची. ह्याच गाडीतून रेइयोने सॉनाची विजेची शेगडी आणि गावाकडचे दगड आणले. सिर्क्का अख्खा जर्मनी आणि अख्खा फ्रान्स पाय वर घेऊन बसून आली, कारण पायाशी दगड होते. वाटेत एका फ्रेंच पोलिसाने गाडी थांबवली.

"पोत्यात काय आहे?"

"दगड."

"कुठे नेताय?"

"स्पेनला."

पोलिसाने सिर्क्काकडे पाहिलं. "बाई, स्पेनमध्ये दगड संपले का?"

"मला विचारू नका," सिर्क्का म्हणाली. "मी फक्त ह्याच्याशी लग्न केलंय."

तर बिल्डिंगच्या गच्चीवर प्रत्येक घराची एकेक अडगळीची खोली होती. रेइयोने आपल्या खोलीला आतून लाकूड ठोकलं, बाकं बसवली, शेगडी लावली. पहिल्या शनिवारी आत बसल्यावर त्याला वाटलं, आता मरण आलं तरी हरकत नाही. मरण आलं नाही. चेअरमन आले.

दोन अनिसेतो हे चेअरमन. (माणूस एकच. स्पॅनिशमध्ये 'दोन' म्हणजे 'श्रीयुत'.) आधी पोट यायचं, मग ते.

"काय शेजारी," ते म्हणाले, "तक्रार आहे. कार्मिनाबाई म्हणतात, वाळत घातलेल्या कपड्यांना लाकडाचा वास लागतो. बाकीचे म्हणतात, आग लागेल. शुक्रवारच्या मीटिंगला मतं घ्यावी लागणार."

"आणि विरोधात गेली तर?"

"तर खोलीत परत अडगळ."

रेइयो घरी येऊन मट्‌कन खाली बसला. सॉना गेला तर त्याला परत जावं लागणार होतं. तसं तो क्लबात सगळ्यांसमोर बोलून बसला होता. आणि सिर्क्का काही हलायची नव्हती.

"मी जाईन हं खरंच," तो म्हणाला.

"जा. गाडीची किल्ली खुंटीला आहे." सिर्क्काने सुईत दोरा ओवला. "अंडं उकळत्या पाण्यात टाकतात. तेवढं लक्षात ठेव."

मग रेइयोला ते सुचलं. फिनलंडमध्ये केवढाही तंटा असो, दोघांनी एका बाकावर उघडं बसून घाम गाळला की मिटतो. अंगावर कपडे नसले की साहेब आणि शिपाई सारखेच दिसतात. (पाणीखात्यात त्याची बढती अशीच झाली होती, असं तो सांगायचा. सिर्क्का म्हणायची, जागा रिकामी होती म्हणून झाली.) त्याने दोन अनिसेतोंना गुरुवारी सहाला यायचं निमंत्रण दिलं.

"तिथे काय करायचं असतं ते नीट सांगितलंस ना?" सिर्क्काने विचारलं.

"त्यात सांगायचं काय? सॉना कुणाला माहीत नाही?"

गुरुवारी सहाच्या ठोक्याला रेइयो जन्माला आला तसा वरच्या बाकावर जाऊन बसला. सहा म्हणजे सहा. पण स्पेनमध्ये सहा म्हणजे सहानंतर केव्हातरी. तो वाट बघत राहिला आणि दगडांवर पाणी ओतत राहिला. शेवटी पार भाजून निघाल्यावर दार उघडलं, आणि दारात दोन अनिसेतो उभे. कडक इस्त्रीचा कोट घालून. सोबत त्यांची बायको रेमेदिओस, उंच टाचांच्या चपला, गळ्यात मोती, हातात बटाट्याच्या ऑम्लेटचं भलंमोठं ताट. मागे दोघांना वर घेऊन आलेली सिर्क्का.

"अगंबाई!" रेमेदिओस ओरडली. "सिर्क्का, अगं हा अजून अंघोळच करतोय!"

रेइयोने हातातला लाकडी डाव पुढे धरला. डाव लहान होता.

सिर्क्काने रेमेदिओसला आणि ऑम्लेटला खाली स्वयंपाकघरात नेलं. दोन अनिसेतो बिचारे भले माणूस. यजमानाची रीत मोडायची नाही म्हणून त्यांनी कोट खुंटीला टांगला आणि गुडघ्यापर्यंतच्या चड्डीवर येऊन रेइयोच्या शेजारी बसले. बसले ते बोलायलाच लागले.

सॉनात बोलायचं नसतं. गप्प बसायचं, आणि कुणी न सांगताही एक शर्यत चालू असते. आधी बाहेर पडेल तो हरला. पण दोन अनिसेतोंनी जावयापासून सुरुवात केली. रेइयोने डावभर पाणी ओतलं. चुर्रर्र! वाफेचा लोट उठला.

"वा!" दोन अनिसेतो म्हणाले. "तर जावई मला म्हणतो कसा..."

रेइयोने आणखी ओतलं. जावई संपून टोमॅटोचे भाव आले. आणखी ओतलं. टोमॅटो संपून फुटबॉल आला. रेइयोच्या कानांच्या पाळ्या जळायला लागल्या. डोळ्यांपुढे दोन-दोन अनिसेतो दिसायला लागले, आणि दोघंही बोलत होते.

"तुम्हाला... गरम... होत नाही?" त्याने कसंबसं विचारलं.

"गरम?" दोन अनिसेतो हसले. "अहो शेजारी, मी जन्मभर भट्टीच्या तोंडाशी उभं राहून पाव भाजलेत. माझं लग्नसुद्धा भट्टीपुढेच ठरलं. ही कसली हो गरमी? ही तर आमची कणिक फुगवायची खोली!"

हे ऐकलं आणि सॉनात जन्मलेला माणूस पाण्याची बादली कवटाळून बाहेर पळाला.

फिनलंडमध्ये असं पळालं की उडी मारायला समोर तळं असतं. इथे वाळत घातलेले कपडे होते. उघड्या दारातून तासाभराची कोंडलेली वाफ गच्चीभर पसरली, आणि समोरच्या बिल्डिंगमधून कुणीतरी किंचाळलं, "आग! आग!"

अग्निशमनवाले कोपऱ्यावरच होते. रेइयोचा श्वास जाग्यावर यायच्या आत ते हेल्मेट घालून गच्चीवर. "सगळे खाली चला! आत्ताच्या आत्ता!"

"माझा टॉवेल आत आहे," रेइयो म्हणाला.

"साहेब, जीव महत्त्वाचा की टॉवेल?"

"टॉवेल," रेइयोने अगदी खरं ते सांगितलं.

पण त्यांनी ऐकलं नाही. जाता जाता दोरीवर हाताला लागलं ते त्याने ओढलं. तो रेमेदिओसचा झालरीचा एप्रन होता, नाड्या तुटलेला. एका हाताने तो पुढे धरला. पण माणसाला मागची बाजूही असते. दुसऱ्या हाताने बादली मागे धरली, आणि असा तो जिना उतरला.

खाली रस्त्यावर सगळी बिल्डिंग जमली होती. कुणी तोंडाला साबण लावून, कुणी मांजर काखेत घेऊन. रेइयो सरकत सरकत भिंतीशी गेला आणि पाठ टेकवून उभा राहिला. भिंत गार लागली. बरं वाटलं.

अग्निशमनवाल्यांचा साहेब खाली आला. "आग नाही. वाफ आहे. आत एक गृहस्थ चड्डीवर बसलेत, ते म्हणतात, दार लावा."

मागोमाग दोन अनिसेतो आले. तांबडेलाल, तजेलदार, जणू आताच भट्टीतून काढलेले. त्यांनी जमावाकडे पाहिलं आणि त्यांचे डोळे चमकले.

"अरे, सगळे आहात की! मीटिंगला कधी चार टाळकी जमत नाहीत. उद्या कशाला? मत आत्ताच घेऊ. सॉना राहावा म्हणणाऱ्यांनी हात वर करा. माझा वर. आज माझा गुडघा दुखायचं विसरलाय!"

काही हात वर झाले. मग विरोधातले झाले. कार्मिनाबाईंनी दोन्ही हात वर केले, त्यातला एक खाली घ्यायला लावला. मोजणी झाली. बरोबरी!

"एक मत राहिलं," दोन अनिसेतो म्हणाले. "शेजारी, तुमचं."

सगळ्यांचे डोळे रेइयोवर. रेइयोचा एक हात एप्रनला, एक हात बादलीला.

"माझं... हो असं धरा," तो म्हणाला.

"असं कसं धरणार?" कार्मिनाबाई कडाडल्या. "हात वर झाला तर मत. आणि बायकोने करून चालायचं नाही, घर ह्यांच्या नावावर आहे."

"कर रे बाळा हात वर," रेमेदिओस म्हणाली. "आम्ही काय, मघाशी पाहिलंच आहे."

रेइयोने सिर्क्काकडे पाहिलं. ती जवळ आली आणि हळूच म्हणाली, "सॉनासाठी मला सोडून जाणार होतास ना? मग बादली सुटत नाही?"

रेइयोने विचार केला. पुढे एप्रन आहे. मागे भिंत आहे. मग बादलीची गरजच काय? त्याने डोळे मिटले आणि बादलीसकट हात वर केला. उरलंसुरलं पाणी त्याच्याच डोक्यावर पडलं.

"मंजूर!" दोन अनिसेतो गरजले. टाळ्या वाजल्या. समोरून वाजल्या, आणि रेइयोच्या लक्षात आलं, मागूनही वाजताहेत.

त्याने मान वळवली. ती भिंत नव्हती. बायकांचे केस कापायच्या दुकानाची काच होती. आत बसलेल्या बायका केसांना लावलेल्या गुंडाळ्यांसकट उभ्या राहून टाळ्या वाजवत होत्या.

सॉना वाचला. फक्त रेमेदिओसने तिथल्या तिथे एक दुरुस्ती सुचवली, की एवढी सगळ्यांनी मिळून वाचवलेली गोष्ट सगळ्यांचीच असावी. ती बिनविरोध पास झाली. (रेइयोचे हात पुन्हा अडकलेले होते.) पाळ्या लागल्या. शनिवार बायकांना. रविवार दोन अनिसेतो आणि त्यांच्या गुडघ्याला. रेइयोला मिळाला सोमवार, भर दुपारचा, जेव्हा गावातलं कुत्रंही सावलीतून हलत नाही.

पहिल्या सोमवारी तो टॉवेल घेऊन वर गेला. (आता तो दोन टॉवेल नेतो.) दाराशी दोन अनिसेतो उभे, हात पिठाने माखलेले.

"शेजारी, आज नाही. आत कणिक ठेवलीय. दार उघडलं तर बसेल."

"पण आज माझी पाळी..."

"सणाचे पाव आहेत हो! अख्ख्या बिल्डिंगसाठी. आणि शू, हळू बोला!"

रेइयो तणतणत खाली आला. सिर्क्का शिवत बसली होती.

"माझ्या सॉनात कणिक! सकाळपासून आत बसलीय!"

"मग तिच्याकडून शीक काहीतरी," सिर्क्का दोरा तोडत म्हणाली. "तुझ्यापेक्षा जास्त वेळ टिकली. आणि एकदाही नागडी बाहेर पळाली नाही."