इशिगामे घाटावरील एक्केचाळीसाव्या सेकंदाची मोहीम

घडले तैसे लिहावे, पदरचे घालू नये, या दस्तुराने हा मजकूर कागदावर घेतला आहे.

सप्टेंबरची अकरा तारीख. ओबिसावा कसब्याचे निवृत्त टोफूवाले, राजमान्य राजश्री तोकुजी कुवाबारा, वय सदुसष्ट, सकाळचा मिसोचा कढण घेत बसले असता टपालाने शर्यत समितीचा खलिता आला. मजकूर ऐसा की, गतसाली अर्धमॅरेथॉनीत वळणाचा खांब चुकून अलीकडे रोविला गेला, अंतर एकशे वीस मीटर कमी भरले, सबब सर्वांच्या वेळा रद्द जाहल्या, समिती मस्तक लववून माफी मागते. आणि मग तोकुजीरावांची एक तास अठ्ठावन्न मिनिटे एक्केचाळीस सेकंद ही उभ्या आयुष्यातील सर्वोत्तम वेळ एका कागदाने बुडाली. कढण निवाला.

वेळ गेली हे सोसते. परंतु त्यांचे कुटुंब हारुएबाई फेब्रुवारीत निवर्तल्या, आणि त्या अखेरपर्यंत येईल त्यास, डॉक्टरासही, हाच आकडा सांगत होत्या. म्हणजे बाई खोटा आकडा घेऊन गेल्या. हे तोकुजीरावांस साहेना. मग त्यांनी मनाशी हुकूम काढिला की, नोव्हेंबरात त्याच इशिगामे घाटावर, पुरे अंतर धावून, त्या एक्केचाळीसाव्या सेकंदाच्या आत यावे आणि बाईंचा शब्द खरा करावा.

मसलतीस बालमित्र निशिगोरी न्हावी यांस घेतले.

"अरे, माझ्या खुर्चीतून उठताना तुला हात द्यावा लागतो," निशिगोरी म्हणाले, "आणि घाट चढतोय!"

"खुर्चीतून उठायचं नाहीये मला. पळायचंय."

"मान सरळ ठेव, नाहीतर कान जाईल."

येणेप्रमाणे मसलत पार पडली. पुढे दोन महिने रोज पहाटे कवायत जाहली. डावा गुडघा हा जुना फितुरी सरदार, त्यास लेप लावून, पट्टी बांधून, गोडीगुलाबीने राखिले.

मोहिमेचे दिवशी आठशे त्रेचाळीस शिपाई गोळा जाहले, नगराध्यक्षांनी बार काढिला आणि फौज निघाली. दहा किलोमीटर सुखरूप गेले. मग घाटाची चढण लागली, आणि चढणीच्या तोंडाशी मुकुनोकी वाडीच्या बायांचे रसदीचे ठाणे आले. मेजावर खारवलेले आलुबुखार, कापलेली संत्री, गरम चहा. मेजापुढे एकोणीस बाया एका रांगेत उभ्या, आणि एकीच्याही हाती संत्रे नाही.

येथे एक चूक सांगणे प्राप्त आहे. हारुएबाईंचे अंत्यकार्य तोकुजीरावांनी घरच्या चौघांत उरकिले होते. कोणास तसदी नको, हा इरादा. त्यामुळे अवघ्या वाडीचे सांत्वन नऊ महिने तुंबून राहिले होते.

वाडीच्या कारभारीण फुमिएबाई आडव्या आल्या आणि कमरेत वाकल्या. "हारुएसान गेल्या, आणि आम्हाला कळवलंतही नाही?"

सांत्वनास पळता पळता उत्तर देणे हे त्या मुलखात रीतीस सोडून. तोकुजीराव थांबले, वाकले, बोलले, "तुम्हाला उगाच त्रास नको म्हणून..."

"त्रास? नऊ महिने मनात धरून बसलोय, तो त्रास नव्हे होय?"

ऐसे चाळीस सेकंद गेले, आणि मागे अठराजणी शिल्लक. तोकुजीरावांची नजर मनगटावर गेली.

"घड्याळ काय बघताय?"

"एक अठ्ठावन्न एक्केचाळीस," तोकुजीराव म्हणाले. "तिनं सगळ्यांना सांगितलेलं. ते खोटं निघालं हो, फुमिएसान."

फुमिएबाईंनी क्षणमात्र विचार केला. मग कमरेचा पंचा सोडून त्यांच्या हाती दिला आणि हुकूम फर्माविला की, सांत्वन पळत करावे, प्रत्येकीने शंभर पावले, विजेच्या पुढच्या खांबाशी दुसरीने घ्यावे. खांद्यावरचा पट्टा एकमेकांस सोपवीत धावण्याची शर्यत या खोऱ्यात शाळेपासून सर्वांच्या अंगात मुरलेली. बाया रसदीच्या गाडीतून पुढे जाऊन खांबोखांबी पसरल्या, आणि मग एप्रन व रबरी बूट यांसह सांत्वन घाट चढू लागले.

पहिली म्हणाली, "फार वाईट झालं हो." दुसरी म्हणाली, "माझ्या कोबीच्या लोणच्याला नावं ठेवायची, आणि बरणी घेऊन जायची." तिसरीला दम लागला, ती नुसतीच रडत शंभर पावले धावली. तोकुजीराव प्रत्येकीस "आभारी आहे" म्हणत आणि त्याच पंच्यात नाक शिंकरीत. पुढे चौऱ्याण्णव वर्षांच्या कियोआजी सुनेने ढकललेल्या हातगाड्यात बसून भिडल्या.

"माझा नंबर आधी होता रे तोकुजी! मध्ये घुसली तुझी बायको."

"सवयच होती तिला, आजी."

"सूनबाई, जोरात ढकल! हा पुढे चाललाय!"

अठरावीने साथ सोडिली तो घाटमाथा पायाखाली होता. चढण कधी संपली, हे तोकुजीरावांस कळले नाही. गुडघ्यासही कळले नाही.

मग उतारावर जे धावणे जाहले ते पाहून निशिगोरी न्हाव्यांनी दुकानातील गिऱ्हाईक अर्ध्या दाढीनिशी सोडून रस्त्यात येऊन आरोळी दिली की, "तोक्या, मर, पण पोच!" तोकुजीराव न मरता पोचले. रीतीप्रमाणे मागे वळून रस्त्यास वाकून नमस्कार केला, आणि वाकलेल्यास लवकर सरळ होता आले नाही. एकशे वीस मीटरांसह पुऱ्या अंतरास वेळ एक तास अठ्ठावन्न मिनिटे एकोणचाळीस सेकंद. समितीचा शिक्का जाहला. हारुएबाईंचा शब्द खरा ठरला, वर दोन सेकंद वाढावा. सबब फत्ते जाहली, ऐसे येथे नमूद केले आहे.

सायंकाळी फुमिएबाईंचा फोन आला की, "गुरुवारी आम्ही सगळ्याजणी हारुएसानना उदबत्ती लावायला येतोय. नको म्हणायचं नाही."

तोकुजीराव "या" म्हणाले.

एकोणीसजणी बसतील ऐसी घरात खोली एकच, पुढची, उन्हाची. तीत हारुएबाईंची गादी फेब्रुवारीपासून अंथरलेली आहे. ती उचलणे राहिले आहे.