गोवर्धनभाऊची फॅट

गोवर्धनच्या पुढ्यात आजही तीच भाकर आली. निम्मं पीठ, निम्मा कोंडा. सोबत जवसाची चटणी. तुपाचं नाव नाही.

"सवा महिना झाला हे पेंड खाऊन राहिलो मी!" तो गुरगुरला.

"खा चुपचाप," त्याची बायको जयवंता म्हणाली. "डॉक्टरनं सांगतलं, फायबर खाल्लं तं रक्तातली चरबी उतरन, पोटावरची बी उतरन. शुक्रवारच्या रिपोर्टात उतरली तरच शनिवारी पुंजाजीच्या वावरात रोडगे. नाही तं घरी बसा."

पुंजाजी म्हणजे तिचा भाऊ. त्याच्या वावरात गोवऱ्यांवर भाजलेले, तुपात बुडवलेले कणकेचे रोडगे आणि झणझणीत वांगी! त्या एका पंगतीसाठी गोवर्धन वर्ष काढायचा. अकोल्याच्या डॉक्टरचं काय जातं? दोन मिनिटं पोट दाबलं, 'फायबर' म्हणाला आणि मोकळा झाला. खायचं कोणाला?

म्हशीला! "गोठ्यात हवा लागते," म्हणत गोवर्धन रोज ताट घेऊन उठायचा. भाकरी म्हशीच्या तोंडात, आणि स्वारी चौकात कचोरीवर.

शुक्रवारी रिपोर्ट आला. ट्रायग्लिसराइड, म्हणजे रक्तातली चरबी, दोनशे नव्वदवरून तीनशे चाळीस! जयवंतानं चष्मा लावून दोनदा वाचला.

"काहून वाढलं हे?"

 गोवर्धनला सकाळची डेअरी आठवली. दूध मोजणारा किशोर पावती देताना म्हणाला होता, "गोवर्धनभाऊ, म्हशीले काय चारून राहिले? फॅट सहावरून साडेसातवर गेली ना बाप्पा!"

त्यानं झटक्यात खिशातून पावती काढली. "माही काहीच चूक नाही! तो डॉक्टरच फेकून राहिला. फायबरनं फॅट वाढते. म्हैस बी तेच खाऊन राहिली, तिची बी वाढली. हे पाह्य, मशीनची पावती!"

जयवंतानं पावती पाहिली. मग नवऱ्याकडे पाहिलं.

"म्हशीले भाकर कोणं चारली?"

गोवर्धन पावती परत खिशात कोंबू लागला.

"आन म्हैस तं फॅट दुधातून काढून देते. तुमी कोठून काढता जी?"

शनिवारी ती स्वयंपाकघराला कुलूप लावून एकटीच रोडग्यांना गेली. चौकातल्या कचोरीवाल्यालाही जाता जाता दम देऊन गेली. दुपारपर्यंत गोवर्धनच्या पोटात कावळे ओरडू लागले. तिनं बाहेर झाकून ठेवलेली भाकर घेऊन तो सवयीनं गोठ्यात बसला. म्हशीनंही सवयीनं मान लांबवली आणि भाकर दातात धरली.

"सोड!" गोवर्धन दोन्ही हातांनी ओढत ओरडला. "माही हाये ते! मले डॉक्टरनं सांगतलं!"